तिसरा अंतरा

१

डबी जागच्या जागी होती. आत कॅसेट नव्हती.

नवाबभाऊंनी डबी उघडली, मिटली, परत उघडली. हरवलेली वस्तू माणूस पुन्हा पुन्हा त्याच खिशात शोधतो ना, तसं. मग ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "कोनी तरी मायं काळीज नेलं रे बाप्पा."

दुकानातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागली.

वडशाला स्टेशनाकडून बाजारात येताना हे दुकान लागतं. एके काळी तिथं रेडिओ नि टेप दुरुस्त व्हायचे. आता मोबाइलची कव्हरं लटकतात, आणि कव्हरांच्या मागं फळीवर एक जुना टेप कापडाखाली झाकलेला असतो. बाजाराच्या दिवशी दुपारची गर्दी ओसरली की नवाबभाऊ शटर अर्धं खाली ओढायचे. ठरलेली माणसं वाकून आत शिरायची. कॅसेट लागायची. एकच गाणं, एकदाच. नंतर हातातला चहा तसाच गार व्हायचा.

ते गाणं तुम्ही ऐकलेलं नसणार. कुठल्या कंपनीनं ते काढलं नाही की रेडिओनं लावलं नाही. नवाबभाऊंना नुकती मिसरूड फुटली होती, तेव्हा एका गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, झालेल्या झाडीपट्टीच्या नाटकातलं ते गाणं. नवा टेप हातात आलेला, म्हणून हौसेनं त्यांनी तो स्टेजसमोर, ऑर्गनवाल्याच्या शेजारी ठेवला होता.

दिवा मालवू नोको बाई, कोनी येनार हाय
ओल्या बांधीची वाट, त्याचा पाय घसरनार हाय

बस, इतकंच. पण तो आवाज! धानाच्या बांधीतून, धुऱ्यावरून, अंधारातून येणाऱ्या कुणाची तरी वाट बघणारा. ऐकणाऱ्याला आपलंच कुणी तरी यायचं राहून गेलंय असं वाटायचं. दोन अंतरे व्हायचे आणि खट् करून आवाज थांबायचा. तिसरा अंतरा कॅसेटीत नव्हताच. कारण नवाबभाऊ त्या रात्री गाण्यात असे बुडाले, की बाजू संपली, कॅसेट पलटवायची हे ध्यानातच आलं नाही.

"तिसरा अंतरा या कानानं आयकला मी," ते नेहमी सांगायचे. "चाल ध्यानात हाये. शब्द गेले. अन् खरी जान तं तिसऱ्यातच होती."

आता ते कानही चालले होते. डावा पुरता गेला होता. उजव्यात तोंड घालून ओरडलं तर ऐकू यायचं, आणि नागपूरच्या डॉक्टरनं सांगून टाकलं होतं की तोही जास्त दिवस साथ देणार नाही. गाणं ऐकताना ते उजवा कान टेपच्या जाळीला टेकवून बसायचे, दर्ग्याच्या चौकटीला डोकं टेकवावं तसे.

"मोबाइलात घेऊन ठेवलं असतं तं आज रडाची पाळी आली असती का?" प्रफुल बोलून गेला. प्रफुल म्हणजे नाटक मंडळीचा मालक, बोलणं नेहमीच लाउडस्पीकरसारखं.

"मोबाइलात गेलं का कोनीही कुठीही वाजवते," नवाबभाऊ म्हणाले. "इथी याले लागते, बसाले लागते, तवा ते गानं हाये." मग ते कोपऱ्यातल्या बाईकडं वळले. "रंजीताबाई, पोलिसात नाई जाचं मले. आपल्यातलाच कोनी असन. तू शोध. पुढच्या बाजारापर्यंत मले या कानानं आयकू येईन का नाई, अल्ला जाने."

रंजीता प्रफुलच्याच मंडळीत प्रॉम्प्टर होती. झाडीपट्टीत तालमी कमी नि प्रयोग जास्त. मुंबई-नागपूरचे नट ऐन वेळी येऊन उभे राहतात आणि विंगेतून प्रॉम्प्टर सांगतो ते शब्द तोंडातून काढतात. रंजीताचा आवाज हजारो लोकांनी ऐकलेल्या वाक्यांमागं होता आणि कुणीही तो कधी ऐकला नव्हता. एकदा कानावर पडलं की ते तिच्या डोक्यातून जात नसे. म्हणूनच मंडळीतले लोक तिच्यासमोर भांडायला भीत.

नवाबभाऊंचा चेहरा पांढरा पडला होता. ती पाणी आणायला पडदा सारून मागच्या घरात गेली. दुकान आणि घर यांच्यामध्ये नुसता एक फुलाफुलांचा पडदा. आत कनीजभाभी, नवाबभाऊंची बायको, कोठीपाशी बसून तांदूळ पाखडत होती. सुपाच्या ठेक्यावर तोंडातल्या तोंडात काही गुणगुणत होती, "...उंबरा उशाले घेऊन..."

रंजीताची सावली पडली तसं सूप थांबलं.

"भाभी, पानी द्या. भाऊले बरं वाटून नाई राह्यलं."

कनीजभाभी उठली. तिचे हात तांदळाच्या भुशानं पांढरे झाले होते. काय झालं, असं मात्र तिनं विचारलं नाही.

२

आधी प्रफुल. त्याचं ऑफिस म्हणजे रस्त्याकडेची एक खोली, बाहेर माणसाच्या दुप्पट उंचीचं पोस्टर आणि आत दिवाळीपासून वाजत असलेला फोन. हंगाम नुकता सुरू झालेला. गावोगावचे लोक नाटक ठरवायला येऊन बसलेले.

"तुमी ते गानं मांगलं होतं," रंजीतानं सरळ विचारलं.

"मांगलं होतं. लपवतो कायले? नव्या नाटकात तिसऱ्या अंकात हिरोईन वाट पाहते. तिथी ते गानं पडलं का पब्लिक ढसाढसा रडन. भाऊ नाई मनले, विषय संपला."

"संपला का?"

प्रफुल चिडला. "अवं, चोरलेलं गानं मी हजार मानसाईपुढं वाजवन? त्यातला एक तरी जाऊन भाऊले सांगन का नाई? येडी झाली का तू?"

त्याचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. मालक लबाड होता, पण बिनडोक नव्हता.

मग ती वैनगंगा ओलांडून मुखरूभाऊंच्या खळ्यावर गेली. दर बाजाराला गाणं ऐकायला येणाऱ्यांतले ते एक. धानाची मळणी चालली होती आणि म्हातारा कडेला बसून नुसता बघत होता. त्यांची बायको रुखमाबाई जाऊन काही वर्षं झाली होती. गेल्या बाजाराला सगळे उठल्यावरही मुखरूभाऊ दुकानात बसून राहिले होते, हे रंजीतानं स्वतः पाहिलं होतं.

"मुखरूभाऊ, त्या दिवशी सगळे गेल्यावर मागं तुमीच होते."

"होतो ना." म्हाताऱ्यानं डोळे पुसले. त्यांना रडायला निमित्त लागत नसे. "त्या गान्यात मायी रुखमा दिसते वं. मी रातच्या गाडीनं याचो, तं दिवा घेऊन दारात उभी राहे. मी चिडे तिच्यावर, 'झोपाले काय होते तुले' मनून. आता दिवाही नाई अन् कोनी उभं बी नाई."

म्हाताऱ्यानं नाक शिंकरलं आणि एकदम तिच्याकडं रोखून पाहिलं.

"मायावर शक हाये का तुया? भाऊनं मायासमोर कॅसेट डबीत टाकली, डबी बिस्कुटाच्या डब्यात टाकली. अन् आता मनता डबी हाये अन् कॅसेट नाई. मी नेली असती तं डबीसगट नेली असती. उघड्या कॅसेटीत धूळ जाते, फीत खराब होते. लेकराले थंडीत उघडं नेते का कोनी?"

"अन् पेन्सिल?" रंजीताच्या तोंडून निघून गेलं.

फीत सैल पडली की ती गुंडाळायची पेन्सिल नवाबभाऊ कॅसेटीपाशीच ठेवत. तीही डब्यात तशीच होती. तिनं बघितली होती, पण बघून न बघितल्यासारखं केलं होतं. परतीच्या वाटेवर नदीच्या पुलावर ती थांबली आणि स्वतःवरच चिडली. आपण काय विचारत फिरतोय? कुणाला गाणं हवं होतं, हेच. गाणं तर सगळ्यांनाच हवं होतं! ज्याला ऐकायचं असतं तो डबी नेतो, पेन्सिल नेतो, जपून नेतो. यानं नुसती कॅसेट उचलली आणि डबी मिटून होती तशी ठेवली.

याला ऐकायचं नव्हतं. दुसऱ्या कुणी ऐकू नये, एवढंच याला हवं होतं.

पण ते गाणं नकोसं झालेला माणूस वडशात आहे तरी कोण?

३

पियुष चंद्रपूरहून आला तो आधीच तोंड पाडून. पोरगा जुनी, कुणी न ऐकलेली गाणी शोधून आपल्या चॅनलवर टाकायचा. गेल्या बाजाराला त्यानंच सगळ्यांसमोर बातमी फोडली होती: या गाण्याची गायिका त्याला सापडली आहे. त्या नाटकाची हिरोईन, पोस्टरवरची कुमारी गुणा, म्हणजे आताच्या गुणाबाई. आरमोरीला लेकाकडं असतात. एक बाजार सोडून पुढच्याला घेऊनच येतो, म्हणाला.

तेव्हा नवाबभाऊ लहान पोरासारखे रडले होते. "कान जायाच्या आधी तिले भेटलो मंजे झालं. मंग खुशाल जाऊ दे कान." आणि त्याच वेळी पडद्याआड कप फुटल्याचा आवाज आला होता. 'मांजर असन,' असं कुणी तरी म्हणालं होतं.

"मॅडम, मी कशाला चोरू?" पियुष काकुळतीला आला. "त्यांना आणून बसवणार, त्यांच्यासमोर कॅसेट लावणार, असं सगळं ठरलं होतं माझं. आता त्यांना काय ऐकवू?"

"तू गुणाबाईशी बोलला?"

"त्यांच्या मुलाशी बोललो. त्या फोनवर येत नाहीत."

रंजीता घरी आली आणि डोळे मिटून बसली. कॅसेट नव्हती, पण तिला कॅसेटीची गरजच नव्हती. इतक्या वर्षांत गाण्याचा कण न् कण डोक्यात बसला होता. तिनं ते मनात पहिल्यापासून लावलं. ऑर्गन. लोकांचा गलका. हिरोईनच्या पायातले चाळ डावीकडून येतात, मधोमध थांबतात, गिरकी घेतात, उजवीकडं जातात. आणि आवाज...

आवाज कुठंच जात नव्हता.

तिनं परत लावलं. चाळ डावीकडं, आवाज तिथंच. चाळ उजवीकडं, आवाज तिथंच. आपल्याकडं माइक वरून टांगलेले असतात. नटी एका माइकखालून दुसऱ्याखाली जाते तेव्हा मधल्या जागेत आवाज खोल पडतो, हे झाडीपट्टीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. या गाण्यात तो एकदाही पडत नव्हता. गिरकी घेऊन दमही लागत नव्हता. नाचणारी गात नव्हती आणि गाणारी नाचत नव्हती! हजारभर लोकांनी स्टेजवर ओठ हलताना पाहिले आणि आवाज त्याच ओठांना देऊन टाकला.

"अगं माय गं," रंजीता मोठ्यानं म्हणाली. एका जागी उभं राहून, कुणाला न दिसता बोलायची जागा नाटकात एकच असते. तिथं तिनं स्वतः उभा जन्म काढला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं आरमोरीची एसटी धरली.

गुणाबाई अंगणात उन्हाला बसल्या होत्या. अजूनही देखण्या, पण आवाज फुटक्या मडक्यासारखा. रंजीतानं गाण्याचं नाव काढताच त्या हसल्या.

"शेवटी आलीच का कोनी? मी कोनत्या तोंडानं येऊ वं वडशाले? तो गळा माया नोहताच. त्या हंगामात मायी बोली बसली होती, पान्याची गुळनी धरूनही निघे नाई. मी नुसते ओठ हलवले."

"मंग विंगेत कोन होतं?"

"ते नाई सांगत."

"काऊन?"

"पोरीचा बाप समोर, पब्लिकमंधी बसला होता. त्याले कळलं असतं तं तिथंच गाडली असती तिले. तिनं मायापासून शप्पथ घेतली. मी नाचवालीन होतो बाई, पन शप्पथ मोडवालीन नाई." गुणाबाई थोडं थांबल्या. "एक सांगतो. टाळ्या मले पडल्या, वन्स मोर मले आला. मी मागं पाह्यलं, तं ती पोरगी पडद्याले तोंड लावून रडून राह्यली होती. इतकं गाऊन जिले टाळी भेटत नाई, तिचं काय होत असन?"

रंजीतानं पाणी मागून घेतलं.

परतीच्या एसटीत खिडकीपाशी बसून ती मनात तेच गाणं लावत होती. पहिला अंतरा झाला. दुसरा झाला. खट्. आणि खट् झाल्यावरही तिच्या डोक्यात एक ओळ त्याच चालीत पुढं चालत गेली.

उंबरा उशाले घेऊन...

ती ताडकन सरळ बसली. ही ओळ कॅसेटीत नव्हती. कधीच नव्हती. मग ती तिच्या डोक्यात आली कुठून?

आणि तिला आठवला सुपाचा ठेका.

४

दुपारची वेळ. नवाबभाऊ दुकानात कव्हरांच्या मागं बसून नुसते रस्त्याकडं बघत होते. रंजीता बाजूच्या बोळातून मागच्या दारी गेली. कनीजभाभी कोठीपाशीच होती.

"भाभी," रंजीता खाली बसत म्हणाली, "तुमच्या अब्बाचा धंदा काय होता वं?"

"काऊन?"

"असंच."

"ड्रेपरीचा. नाटकाले कपडे भाड्यानं देत. मी अन् अम्मी शिवाले बसो." कनीजभाभीचा हात सुपावर थांबला. "मायं मायेर मंडळीच्या मागं मागं फिरे."

"मंजे विंगेत."

बाहेर दुकानात कुणी तरी कव्हराचा भाव विचारत होतं आणि नवाबभाऊ "आं? आं?" करत होते.

रंजीता हळू आवाजात सांगत गेली. चाळ हलतात आणि आवाज हलत नाही, ते. डबी आणि पेन्सिल मागं राहिली, ते. गायिका येणार म्हटल्यावर फुटलेला कप. गाणं लागलं की चहा ठेवून आत निघून जाणारी घरातली एकटी बाई, जी इतक्या वर्षांत एकदाही ते ऐकायला टेकली नाही. "अन् तुमी पाखडता पाखडता जी ओळ मनत होत्या ना भाभी, ती जगात कोनालेच ठाऊक नाई. भाऊलेही नाई. ज्यानं गायलं त्यालेच ठाऊक असन."

कनीजभाभीनं हळूच कोठीत हात घातला. कोपरापर्यंत तांदळात. कापडात गुंडाळलेली कॅसेट बाहेर आली तेव्हा तिच्यावरून दाणे ओघळले.

"फेकाची होती," ती म्हणाली. "नदीवर घेऊन गेल्ती. नाई फेकवली. तांदळात ठेवली, ओल लागू नाई मनून."

"कायले केलं भाभी? भाऊचा जीव जाऊन राह्यला."

"मायाही गेला ना!" एकदम तिचा आवाज चढला, मग तिनं तोंडाला पदर लावला. सवयीनं. बाहेर ऐकू जाणार नाही हे तिच्या मागून ध्यानात आलं. "अब्बानं लग्नाच्या आधी कुरानावर हात ठेवून वदवून घेतलं, कधी गानार नाई मनून. त्याईले कुनकुन लागली होती. अन् पुढच्या उन्हाळ्यात माया निकाह झाला तो याईच्यासंगं. पयल्याच दिवशी मले मनते, कनीज, तुले एक आवाज आयकवतो. अन् लावली ही. या अल्ला! मी हसू का रडू? त्या दिवसापासून पाहून राह्यली, मानूस डोळे मिटून त्या पोरीले शोधते. मी त्याच्या घरात, त्याचा चहा घेऊन उभी, अन् तो मलेच बाहेर शोधून राह्यला!"

"सांगाचं होतं."

"काय सांगाचं? अब्बा होते तवा शप्पथ होती. अब्बा गेले तवा गळा गेला. आता सांगितलं का ते मी होती, तं ते मायाकडं पाहतीन अन् मनतीन, असं होय? बस, हेच?" तिनं आपल्या भुसा लागलेल्या हातांकडं बघितलं. "मले माया सवतीचा राग येते, बाई. अन् सवत मीच हावो. गुणा आली असती तं सारं निघालं असतं; कॅसेटच नसन तं तिले कोन आनन?"

"मंग आता पाखडताना काऊन मनता?"

कनीजभाभीनं पडद्याकडं बघितलं. "आता त्याईले आयकू येत नाई ना. भेव गेला. तोंडातून निघते."

रंजीतानं कॅसेट हातात घेतली, एक तांदळाचा दाणा चाकाच्या भोकात अडकला होता तो नखानं काढला.

"मी कोनालेच सांगनार नाई," ती उठत म्हणाली. "वाक्य ज्याचं त्यानंच बोलाचं असते. मी फक्त विंगेत उभी राह्यतो."

५

पुढचा बाजार आला. कॅसेट डबीत परत होती.

"कोनी नेली होती?" प्रफुलनं विचारलं.

"ओल लागून राह्यली होती. ज्यानं नेली त्यानं सुकवाले नेली होती," रंजीता म्हणाली. अगदीच खोटं नव्हतं ते. नवाबभाऊंनी पुढचं विचारलंच नाही. हरवलेलं लेकरू घरी आल्यावर आई कुठं हिशेब मागत बसते?

पण त्यांना घाई झाली होती. त्या आठवड्यात उजवा कानही आणखी बसला होता. पियुष आला तो एकटाच. गुणाबाई येणार नाहीत, असं रंजीतानं त्याला आधीच कळवलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. मुखरूभाऊ आपल्या जागी टेकले. शटर अर्धं खाली आलं. कनीजभाभीनं चहा ठेवला आणि नेहमीप्रमाणं पडद्याआड गेली. आज मात्र रंजीता तिच्या मागोमाग आत शिरली आणि पडद्याच्या कडेला, विंगेत उभी राहावी तशी उभी राहिली.

गाणं सुरू झालं.

नवाबभाऊंनी कान जाळीला लावला. मग आवाज वाढवला. मग आणखी. गाण्याची खरखर दुकानाबाहेर जायला लागली, रस्त्यावरचे लोक वाकून बघू लागले, तरी त्यांच्या कपाळावरची आठी जाईना. पहिला अंतरा अर्धा झाला तेव्हा त्यांनी कान काढला आणि टेपच्या पेटीवर नुसता तळहात ठेवला. तळव्याला गाणं थरथरताना लागत होतं, तेवढंच. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. सगळ्यांना कळलं. मुखरूभाऊंनी तोंड फिरवलं.

पडद्याआड कनीजभाभी फटीतून हे बघत होती. तिचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही.

दुसरा अंतरा संपला. खट्.

रंजीतानं कनीजभाभीकडं बघितलं. अशी तोंडं तिनं आयुष्यभर पाहिली होती: वाक्य माहीत असतं, पण पहिला शब्द सापडत नसतो. ती कनीजभाभीच्या कानाशी वाकली. शेवटचे शब्द तिला ठाऊक होते, पहिले नव्हते. पण तीच चाल, तीच वाट बघणारी बाई, आणि दोन अंतरे झाले तरी न आलेला माणूस. मग तिसऱ्यात काय होणार? तो येणार. तिनं अंदाजानं, आजवर दिला नसेल इतक्या हलक्या आवाजात शब्द दिला.

"आला..."

आणि कनीजभाभीनं तो उचलला.

आला तरी सांगू नोको बाई, मी जागी होतो मनून
दार लोटून पडलो होतो, उंबरा उशाले घेऊन

आवाज जुना झाला होता. वरच्या सुरावर तो फाटला. पण तो तोच होता. मुखरूभाऊंच्या हातातला कप कलंडला. प्रफुलसारख्या प्रफुलचं तोंड उघडं राहिलं. पियुषनं मोबाइल काढला आणि मग, कुणी न सांगता, परत खिशात ठेवला.

नवाबभाऊंना काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांना दिसली ती सगळ्यांची तोंडं. सगळी पडद्याकडं वळलेली. त्यांनीही मान वळवली. टेप तर बंद आहे, आणि ही माणसं रडतायत कशाला? ते उठले, लटकती कव्हरं हातानं बाजूला करत पुढं आले आणि त्यांनी पडदा सारला.

कनीजभाभी गायची थांबली.

ते तिच्याकडं बघत राहिले. तिच्या ओठांकडं. तिच्या गळ्याच्या थरथरीकडं. मग त्यांनी हात पुढं केला आणि तिच्या गळ्यावर तळवा टेकवला, टेपच्या पेटीवर ठेवला होता तसाच. भरल्या दुकानात, चार लोकांसमोर, त्या वयात. कनीजभाभीनं मागं व्हायचा प्रयत्न केला, पण मागं कोठी होती.

"गा," ते म्हणाले.

ती तोंड त्यांच्या उजव्या कानाशी नेऊन गायली. दोनच ओळी. नवाबभाऊंचे डोळे मिटलेले होते, आणि चाल जिथं वर जाते तिथं त्यांची मान आपोआप वर गेली. ऐकलेलं गाणं पुन्हा ऐकताना माणसाची जाते तशी.

"कनीज," त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "मी इतके दिवस कोनाले शोधून राह्यलो होतो वं?"

तिनं डोळ्यांतलं पाणी तेवढं पदरानं टिपलं.

मग नवाबभाऊंनी मान मागं टाकली आणि बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा होतो ते कळत नाही, तशा सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "वन्स मोर!"

बाहेर रस्त्यावर कुणी तरी हसलं. मुखरूभाऊंनी टाळी वाजवली, मग प्रफुलनं, मग सगळ्यांनी.

"घ्या," कनीजभाभी रडता रडता म्हणाली, "कान तं नाई, अन् वन्स मोर पाह्यजे मनते."

आणि तिनं गाणं पहिल्यापासून धरलं.